रीडवर २४ लिहिलंय म्हणजे इंचाला २४ नव्हे!

पत्र असं आहे: "ताई, मी ठाण्यात राहते, नोकरी सोडून वर्ष झालं. एका कॉलेजचा टेक्स्टाइलचा वर्ग बंद झाला तिथला चार शाफ्टचा (शाफ्ट म्हणजे उभे धागे गटाने उचलणाऱ्या चौकटी) टेबल लूम सेकंडहँड मिळाला, विणायची रुंदी २४ इंच. किचन नॅपकिन विणायला घेतले. २/१० चं कॉटन आणलं, रीडवर २४ कोरलंय, व्हिडिओत दाखवलं तसं एका घरात एक धागा घेतला, एकूण २४० धागे, रीडमध्ये रुंदी २० इंच. डायमंडचं पॅटर्न केलं. तर डायमंड चपटे आले, कडा आत ओढल्या गेल्या, मागावरच कापड १७ इंच झालं आणि धुतल्यावर साडेपंधरा! मच्छरदाणी झालीये नुसती. सासूबाई म्हणतात, बाजारात डझनाने मिळतात, हा उद्योग कशाला. मला विचारायचंय की पॅटर्न कुठल्या क्रमाने शिकू, यावर टॉवेल आणि डबल बेडची चादर जमेल का, आणि आठ शाफ्टचा मोठा माग घेऊ का? – गुंत्यात अडकलेली, ठाणे."

अगं बाई, आधी तुझे आभार मानते, आकडे लिहून पाठवलेस म्हणून. बहुतेक पत्रांत "कापड नीट येत नाहीये" एवढंच असतं, मग मी काय डोंबल सांगणार. तुझ्या पत्रात मात्र उत्तर तूच लिहिलंयस, फक्त भागाकार केला नाहीस. २४० भागिले २० किती? बारा. म्हणजे इंचाला १२ धागे. आणि २/१० चं सूत साध्या विणीत इंचाला साधारण २४ धागे मागतं, तिरक्या विणीत (डायमंड ही तिरकीच वीण, ट्विल) २८ च्या आसपास. तू निम्म्याहून कमी धाग्यांत कापड बनवायला गेलीस. मच्छरदाणी होणारच होती, त्यात तुझ्या हाताचा काही दोष नाही.

आता घोळ कुठे झाला ते बघ. रीड, म्हणजे आपली फणी, आपल्याकडे विकत घेतली की तिच्यावर बहुतेक वेळा स्टॉकपोर्ट नंबर असतो, आणि तो मोजतात दोन इंचांत किती घरं (धागा जायच्या फटी) त्यावर. २४ नंबर म्हणजे दोन इंचांत २४ घरं, म्हणजे एका इंचात १२. विणकरांना हे सोयीचं पडतं कारण ते सहसा एका घरात दोन धागे भरतात, मग फणीवरचा नंबर तोच इंचाला धागे, हिशोबच नको. पण तू बघितलेले व्हिडिओ असणार परदेशातले, तिकडे घरं थेट एका इंचावर मोजतात आणि एका घरात एक धागा असं सर्रास सांगतात, ते त्यांच्या फणीला बरोबरच आहे. तू त्यांची पद्धत आणि आपली फणी एकत्र केलीस. पट्टी घे, फणीवर आडवी धर, एका इंचात किती फटी येतात त्या टाचणीच्या टोकाने मोज. १२ निघतील अशी माझी पैज. कोरलेल्या नंबरवर कधीच विसंबू नकोस, जुन्या फण्यांवर तर वाट्टेल ते लिहिलेलं असतं.

म्हणजे चांगली बातमी ही की नवीन फणी घ्यायची गरजच नाहीये. एका घरात दोन धागे भरलेस की २४ झाले, साध्या विणीला परफेक्ट. तिरक्या विणीला २८ हवेत तर घरं भरताना २-२-३, २-२-३ अशा क्रमाने भर, तीन घरांत सात धागे, म्हणजे बारा घरांत २८. धुतल्यावर त्या तीनच्या घराची रेघ बहुतेक विरून जाते, मागावर असताना दिसेल, घाबरू नकोस.

चपट्या डायमंडचंही कारण तेच. ताण्याचे (उभे) धागे एकमेकांपासून दूर दूर असले की बाणा, म्हणजे आडवा धागा, त्यांच्यामध्ये घट्ट खाली बसतो, तू इंचाला २०-२५ बाणे ठोकले असशील आणि ताणा १२, मग डायमंड रुंदीला ऐसपैस आणि उंचीला बसका येणार नाहीतर काय. ताणा आणि बाणा इंचाला साधारण सारखे झाले की तो आपोआप चौकोनी होतो. विणताना पट्टी शेजारी ठेव आणि दर थोड्या वेळाने एका इंचातले बाणे मोज, आणि हो, मोजताना ताणा सैल कर, ताणलेल्या कापडावर मोजलेला आकडा खोटा असतो.

कडा आत ओढल्या जाण्याचं अर्धं कारण विरळ ताणा आणि अर्धं म्हणजे धोटा (बाण्याचा धागा आरपार नेतो तो) टाकल्यावर धागा सरळ ताठ ओढून घ्यायची सवय, ती सगळ्यांना असते. बाणा तिरका सोडायचा, एका कडेला कापडाला टेकलेला आणि दुसऱ्या कडेला दोन बोटं वर, आणि मग फणी मारायची. बाण्याला ताण्याच्या वरखाली नागमोडी जायला जास्तीची लांबी लागते, ती आधी दिली नाहीस तर तो कडेकडून खेचून घेतो. शिवाय तिरक्या विणीत कडेचा धागा कधीकधी बाण्यात अडकतच नाही, सुटा राहतो. त्याला उपाय म्हणजे दोन्ही टोकांचा एकेक धागा कुठल्याच हेडलमधून (शाफ्टवरची डोळ्याची तार, तिच्यातून ताण्याचा एकेक धागा जातो) न घेता नुसता फणीतून घ्यायचा, आणि धोटा आत जाताना त्याच्या वरून, बाहेर पडताना खालून. दहा मिनिटांत हाताला सवय होते.

आता पॅटर्नच्या क्रमाबद्दल. इथे माझं मत जरा ठाम आहे. लोक पॅटर्न शिकतात ते फोटोंवरून, डायमंड सुंदर दिसतो म्हणून डायमंड, मग पुढचा फोटो. मी म्हणते आधी त्या कापडाने घरात काय काम करायचंय ते ठरव, मग वीण निवड. नॅपकिनने पाणी पुसायचंय, हातातून गरम पातेलं धरायचंय, आठवड्यातून तीनदा धुतला जाणार आहे. लांब लांब मोकळे धागे असलेली नाजूक वीण तिथे दोन महिन्यांत कढईच्या कानात अडकून निघेल. तीच वीण टेबलावरच्या रनरला चालेल, त्याला कोण घासतंय.

म्हणून डायमंड जरा बाजूला ठेव आणि पुढचा ताणा असा लाव: एकच लांब ताणा, त्यावर चार नॅपकिन, चारही वेगळ्या विणीचे. हेडलमधून धागे सरळ १-२-३-४, १-२-३-४ असे ओव, बस, एकदाच. पहिला नॅपकिन साधी वीण: आधी १ आणि ३ नंबरचे शाफ्ट उचल, मग २ आणि ४. दुसरा तिरकी: १-२, २-३, ३-४, ४-१. तिसरा तीच तिरकी पण बारा-सोळा बाण्यांनी क्रम उलटा फिरवायचा, की तिरक्या रेघा नागमोडी वर चढत जातात. चौथा १-२ दोनदा, ३-४ दोनदा, म्हणजे छोट्या चौकटींची टोपलीची वीण (दोनदा त्याच शेडमधून, म्हणजे वरच्या-खालच्या धाग्यांमधल्या त्याच फटीतून, धोटा जाणार, तर तो कडेच्या सुट्या धाग्याला वळसा घालून आण, नाहीतर आधीचा बाणा परत बाहेर येईल). धागे तेच, ओवणी तीच, फक्त शाफ्ट उचलायच्या लिव्हरचा क्रम बदलला की चार वेगळी कापडं. यातून जे कळतं ते तासभर चार्ट बघून कळत नाही. इंचाला २४ च ठेव सगळ्यांना, तिरकीला जरा सैल पडेल पण नॅपकिनला मऊपणा बराच.

हिशोब करून देते, पुढच्या वेळी तूच कर. धुऊन झाल्यावर १८ इंच रुंद आणि २६ इंच लांब नॅपकिन हवा. कॉटन मागावर थोडं आणि धुतल्यावर थोडं असं मिळून दहा-बारा टक्के जातं, म्हणून फणीत रुंदी २० इंच, म्हणजे ४८० धागे. लांबीला दुमडपट्टी धरून मागावर ३२ इंच विणायचं, चार नॅपकिनचे १२८ इंच, पुढे एक फूट सॅम्पलसाठी, आणि टेबल लूमवर मागे-पुढे जे विणता येत नाही ते साधारण दोन फूट. झाले १६४ इंच, सव्वाचार मीटर पकड. आता सूत: नंबर १ च्या सुताचा अर्थ एका पौंडात ८४० यार्ड. २/१० म्हणजे दहा नंबरचे दोन धागे पिळून केलेला एक, म्हणजे जाडीला पाच नंबरचा, म्हणून पौंडाला ४२०० यार्ड, आपल्या भाषेत १०० ग्रॅमला साधारण ८४५ मीटर. ताण्याला ४८० गुणिले सव्वाचार मीटर म्हणजे २०४० मीटर, २४० ग्रॅमच्या वर. बाण्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास धर. अर्धा किलो आणलंस की चार नॅपकिन निघून वर सुताचा गोळा उरतो.

सूत घेताना चकाकणारं मर्सराइज्ड घेऊ नकोस, दिसायला छान पण ते टॉवेलला नको, पाणी नीट पीत नाही. आणि कोरं सूतही पहिल्यांदा पाणी झटकून टाकतं, त्यावर कापसाचं नैसर्गिक मेण असतं, म्हणून मागावरून उतरवलेलं कापड गरम पाण्यात साबण टाकून धुतल्याशिवाय त्याच्याबद्दल कुठलंही मत बनवायचं नाही. रंगीत सूत असेल तर, विशेषतः लाल आणि मरून, एक वीत धागा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून रात्रभर ठेव. सकाळी रुमाल गुलाबी झाला तर ते सूत दुकानदाराला परत.

ती एक फुटाची सॅम्पलची पट्टी विणून झाली की कापून काढ, मोज, धू, वाळव, इस्त्री कर, परत मोज, आणि मगच नॅपकिन सुरू कर. हो, ताणा परत पुढच्या रॉडला बांधायला लागतो, कंटाळवाणं आहे, तरी कर. तुझ्या सुताचे, तुझ्या पाण्याचे, तुझ्या हाताच्या ठोक्याचे आकडे दुसऱ्या कोणाकडे नसतात, मी दिलेले पण अंदाजच आहेत.

या चार नॅपकिननंतर दुसरा ताणा डायमंडचा. ओवणी १-२-३-४-३-२, आणि लिव्हर नेहमीच्या तिरक्या क्रमाने वर जाऊन परत उलटे फिरायचे. यावेळी इंचाला २८. एक गोष्ट ताणा लावायच्या आधीच तपास, नाहीतर अर्ध्यात रडकुंडीला येशील: या ओवणीत २ आणि ३ नंबरच्या शाफ्टवर १ आणि ४ च्या दुप्पट धागे येतात. २० इंचाला ५६० धागे, त्यात १ आणि ४ ला प्रत्येकी चौऱ्याण्णवच्या आसपास, पण २ आणि ३ ला जवळजवळ एकशेसत्त्याऐंशी. तेवढी हेडल त्या शाफ्टवर आहेत का ते मोजून घे आणि कमी असतील तर आत्ताच सरकव, ओवणी सुरू झाल्यावर ते महाकठीण. याच ओवणीवर वॉफल पण होतं, हनीकॉम्ब म्हणतात ते, खोलगट चौकोनांचं, फक्त लिव्हरचा चार्ट वेगळा, आणि टॉवेलला त्यासारखी वीण नाही. मागावर ते सपाट दिसतं, तू म्हणशील फसलं, आणि धुतल्यावर एकदम खळगे उठतात. पण ते आकसतं भरपूर, पाव हिस्सा धरून चाल. म्हणजे तुझ्या मागावर पूर्ण २४ इंच भरलास तरी हातात १८ इंचाचाच टॉवेल येईल, हात-तोंड पुसायला ठीक, अंघोळीचा नाही.

टर्किश टॉवेलचा विचार डोक्यातून काढ. त्याला दोन ताणे लागतात, एक ताठ आणि एक सैल, दोन वेगळ्या रोलरवर, आणि दोन बाणे जरा लांब ठेवून तिसऱ्याबरोबर तिन्ही एकदम पुढे ठोकले की सैल ताण्याची लूप उभी राहते. तुझ्या मागाला एकच रोलर. तसंच सोलापुरी चादरीवरचे ते मोठे मोर-फुलं, ते जॅकार्डचं काम, तिथे शेकडो धागे वेगवेगळे उचलले जातात, चार शाफ्टवर चार गट, संपलं. त्याचं वाईट वाटून घेऊ नको, चार शाफ्टमध्ये आयुष्य जाईल एवढं आहे.

मधेच कधीतरी एक ताणा फक्त रंगांच्या खेळासाठी लाव, यात वीण साधीच आहे पण बघणारा विश्वास ठेवत नाही. ताण्यात एक गडद एक फिका, एक गडद एक फिका असे २४ धागे, मग दोन फिके लागोपाठ आले की पुढचे २४ फिका-गडद, फिका-गडद, असं अदलाबदल करत जायचं. बाण्यालाही दोन धोटे, गडद-फिका आळीपाळीने. एका चौकटीत उभ्या रेघा उमटतात आणि शेजारच्या चौकटीत आडव्या, चटईची पट्टी वर-खाली गेल्यासारखी. बाण्यात दोन फिके लागोपाठ टाकले की सगळ्या चौकटी उलट्या होतात. लॉग केबिन म्हणतात याला. टेबलमॅटला फार छान दिसतं, त्यासाठी धागा दुहेरी घेतलास तर रेघा ठसठशीत येतील आणि मॅटला वजनही येईल, मग इंचाला १६ जोड्या पुरतात, फणीची घरं १-१-२ अशी भर. हा एक प्रकार येत असला ना, की पाहुणे आपोआप विचारतात कुठून आणलं म्हणून.

डबल बेडची चादर. अगं, २४ इंचाच्या मागावर चार पट्ट्या विणून जोडाव्या लागतील, प्रत्येक शंभर इंच, आणि टेबल लूमवर प्रत्येक बाण्याला हाताने लिव्हर पाडायचे. चादर विकत आण. जोड देणं यात कमीपणा काहीच नाही, कच्छमध्ये धाबळा (लोकरीचं पांघरूण) दोन अरुंद पट्ट्या विणून मच्छीकाट्याच्या टाक्याने जोडतात आणि तो जोडच त्याची शोभा असते. तेव्हा इच्छा असेल तर पुढे दोन पट्ट्यांचा पातळ पांघरायचा शालीएवढा तुकडा कर, ते जमण्यातलं आहे. आत्ता उशीचे अभ्रे कर, २० इंच रुंदीत मस्त बसतात.

आणि घरात जुन्या सुती साड्या असतील तर पायपुसणं. साडीच्या इंचभर रुंद पट्ट्या फाडायच्या (कापायच्या नाहीत, फाडल्या की सरळ जातात), तोच बाणा. ताण्याला दणकट सूत, धागे विरळ, आणि फणी जोरात, इतकी जोरात की टेबल सरकेल, म्हणून माग टेबलाला क्लॅम्पने पकड. दोन टोकांना आठ-दहा बाणे साध्या सुताचे टाक नाहीतर पट्ट्या सुटतील. सासूबाईंच्या साड्या वापरायच्या तर विचारून हं, गोधडीसाठी बाजूला ठेवलेली निघायची एखादी.

सासूबाईंचं म्हणशील तर पैशाच्या हिशोबात त्या शंभर टक्के बरोबर आहेत, तुझा नॅपकिन बाजारापेक्षा स्वस्त कधीच पडणार नाही, तो वाद घालूच नकोस. गंमत म्हणून एवढं सांग की १९८५ साली केंद्र सरकारने कायदाच केला, काही कापडं फक्त हातमागावरच बनवायची म्हणून. आधी यादीत २२ प्रकार होते आता ११ आहेत, आणि त्यात साडी-धोतराबरोबर टॉवेल-गमछा, लुंगी, चादर, सतरंजी हे घरातलंच सगळं आहे (पॉवरलूमवाले तो किती पाळतात हा प्रश्न वेगळा). पण मी तर म्हणेन त्यांना कामालाच लाव. त्यांच्या कपाटातले जुने पंचे, खण, चादरी बाहेर काढ आणि घडीचं एक इंची भिंग मिळतं, कापडवाल्यांकडे असतं ते, ते कापडावर ठेवून ताण्याचे आणि बाण्याचे धागे मोजायला बस. जीन्सवर ठेव, तिरकी वीण कशी चालते ते एका नजरेत दिसेल. कुठल्या कापडात किती धागे आणि ते इतकी वर्षं का टिकलं, ते त्यांनाच विचार, वापरून वापरून त्यांना माहीत असतं. आणि चार नॅपकिन झाले की स्वयंपाकघरात त्यांच्याच हाताशी ठेव, कुठला रोज उचलतात ते बघ.

शिकायला कुठे जाऊ हे तू विचारलं नाहीस पण सांगते. मुंबईत केंद्र सरकारचं विणकर सेवा केंद्र आहे, नागपुरातही आहे. त्यांचं मुख्य काम विणकरांसाठी, डिझाइन, रंगाई, ट्रेनिंग वगैरे, पण तुझ्यासारखीने आधी विचारून एकदा जाऊन मोठ्या मागावर जाणकार माणूस ताणा कसा लावतो ते नुसतं उभं राहून बघितलं तरी खूप. तुझ्या गुंत्यांचं मूळ ताणा लावण्यातच असणार. ताणा काढताना धागे एक वर एक खाली असे जिथे एकमेकांना ओलांडतात ती जागा रंगीत दोरीने चारही बाजूंनी बांधल्याशिवाय ताणा खुंट्यांवरून उतरवायचाच नाही. आणि विणकर दर वेळी हेडल नव्याने ओवत बसत नाहीत, जुन्या ताण्याची शेपटं फणीत-हेडलमध्ये तशीच ठेवून नवीन धागे त्यांना एकेक जोडतात. तुझी ओवणी आणि धाग्यांची संख्या तीच राहणार असेल तेव्हा तूही तेच कर, सगळं परत ओवायचं वाचेल.

राहिला आठ शाफ्टचा मोठा माग. आत्ता अजिबात नको. जास्तीचे चार शाफ्ट तुला इंचाला १२ धाग्यांच्या कापडातून वाचवू शकले नसते. त्यातल्या थोड्या पैशात दोन किलो सूत घे, आणि एक जादा धोटा घे, लॉग केबिनला दोन लागतातच.